माडावरची बैठक

लग्नाला महिनाही झाला नव्हता तेव्हा सोमलता चार शेजारणींसमोर म्हणाली होती, की आमच्या ह्यांना जमिनीवर चालता येत नाही. सगळ्या हसल्या, कारण ते खरंच होतं. हेमपाल रस्त्याने निघाला की गुडघे बाहेर, पंजे आत, आणि प्रत्येक पाऊल टाकताना खाली काही आहे की नाही अशी शंका आल्यासारखा. समुद्रकाठच्या पयागल गावाच्या बाजारातल्या मासळीवाल्या त्याला लांबूनच ओळखायच्या आणि म्हणायच्या, आलं बदक. पण हाच माणूस सकाळी माडाच्या शेंड्यावर पोचायचा, तिथून पुढच्या शेंड्याकडे ताणलेल्या काथ्याच्या दोरावर पाऊल ठेवायचा, तेव्हा त्याच मासळीवाल्या टोपली खाली ठेवून वर बघत राहायच्या. पायाखाली एक दोर, हाताने धरायला वर दुसरा, कमरेला माडी भरायचा भोपळा आणि कोयती. वाऱ्याने दोर झुलायचा आणि त्याच्याबरोबर तोही. घाई त्याला कधी नसायची.

त्या किनाऱ्यावर हे काम असंच चालत आलंय. ओळीतल्या पहिल्या माडाच्या खोडाला पायऱ्यांसारखी नारळाची सोडणं बांधायची, तिथून चढायचं आणि दोरावरून ओळीतले सगळे माड करूनच खाली यायचं. प्रत्येक माड चढत-उतरत बसलं तर छाती फुटेल आणि माडी आंबून जाईल ती वेगळीच. जमीन कुणाचीही असो, वरचा रस्ता ज्याचा त्याची ओळ, असा तिथला कायदा. त्याला अट एकच. एप्रिलात नवं वर्ष लागलं की कामाला लागायचा मुहूर्त पंचांगात येतो. त्या मुहूर्तावर जो ओळीवर चढेल आणि पोय कापेल, वर्षभर ओळ त्याची. झाडं सुट्टी मानत नाहीत, सणाच्या दिवसांतही माडी काढावीच लागते, पण मुहूर्ताची चढण ती मुहूर्ताची चढण. हेमपालाच्या बापाने ती कधी चुकवली नाही. हेमपालानेही नाही. एकदा तो तापाने फणफणत असताना चढला होता आणि वर जाऊन ओकला होता. ही गोष्ट उपसेन अजूनही रंगवून सांगतो, कारण तो नेमका खाली उभा होता.

उपसेन म्हणजे सोमलताचा धाकटा भाऊ. हेमपालाने वरून दोरीने सोडलेलं मडकं झेलायचं, पिंपात रिकामं करायचं आणि परत वर पाठवायचं, हे त्याचं काम. चढायला तो हेमपालाकडूनच शिकला होता आणि बरा चढायचा. हेमपाल म्हणायचा, माझा मेहुणा चांगला आहे, फक्त झाडाला ते अजून कळलेलं नाही.

आता बैठकीचं सांगायला हवं, कारण सगळं तिथेच आहे. माडाची पोय, म्हणजे तो बंद फुलोरा, रोज हळूहळू ठोकून मऊ करावी लागते आणि तिचं टोक पातळ कापावं लागतं, तेव्हा ती पाझरते. याला दोन्ही हात मोकळे लागतात. मग त्या उंचीवर माणसाने स्वतःला धरायचं कशाने? पायाने. झावळीच्या जाड देठाला उजवा पाय गुडघ्यापासून विळखा घालतो, पाऊल मागे अडकतं, आणि गुडघ्याच्या खालची बाहेरची बाजू देठावर घट्ट बसते. असं एकदा बसलं की वारा आला काय आणि वादळ आलं काय. हेमपालाच्या बापाने त्याला ही बैठक लहानपणी शिकवली, आणि ती हाडात अशी मुरली की जेवायला बसतानाही त्याचा उजवा पाय काहीतरी शोधत असायचा.

ज्या वर्षी हे घडलं, त्या वर्षी मुहूर्त दुपार कलल्यावर होता. सकाळपासून उकडत होतं आणि डोंगरांच्या बाजूने आभाळ काळं होत चाललं होतं. सगळ्यांनी दूधभात खाल्ला, कवुम म्हणजे सणाचे तळलेले गोड वडे खाल्ले, पंचांगाने सांगितलेल्या रंगाचे कपडे घातले. माडाखाली उभा राहून उपसेन म्हणाला, "अय्ये, आभाळ बघ जरा." तिकडे मोठ्या भावाला अय्ये म्हणतात आणि थोरल्या बहिणीच्या नवऱ्यालाही. हेमपालाने आभाळाकडे बघितलं आणि म्हणाला, "त्याला पंचांग वाचता येत नाही, आपण काय करणार?" आणि चढला.

ओळीच्या मध्यावर पोचला आणि वळीव कोसळला. ओल्या दोरावर पाऊल टाकायचं नाही, हा नियम मोडून वाचलेला माणूस त्या गावात कुणी दाखवू शकत नाही. सोडणं फक्त ओळीच्या टोकाला, त्यामुळे आहे त्या झाडावरून उतरायची सोयही नाही. मग वाट बघायची. हेमपालाने विळखा घातला, डोक्यावर गोणपाट ओढलं आणि बसला. वाऱ्याने शेंडा असा गदगदा हलत होता की खालून बघणाऱ्या उपसेनाने डोळे मिटून घेतले. हेमपालाला भीती वाटली नाही. उलट त्याला अभिमान वाटत होता, कारण वारा सारं झाड हलवत होता आणि त्याला जागचा हलवू शकत नव्हता. पायाला मुंग्या आल्या. त्याने विळखा आणखी आवळला. मग मुंग्याही गेल्या आणि बरंच वाटलं.

पाऊस थांबून दोर निथळेपर्यंत दिवेलागण झाली. तो उठला तेव्हा उजवं पाऊल त्याच्या मागे मागे आलं, बरोबर नाही आलं. हातांवर भार टाकत तो कसाबसा ओळीच्या टोकाला पोचला, उतरला आणि चालायला लागला, तेव्हा पाऊल वाळूवर फट् करून आपटलं. पुन्हा फट्. उपसेन हसून म्हणाला, "मी तर खाली होतो, मग तुला कुणी पाजली?" हेमपालही हसला. पाय झोपलाय, उठेल, असं तो म्हणाला आणि घरी जाऊन जेवून झोपला.

पाय उठला नाही. सकाळी पाऊल तसंच लोंबत होतं, मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखं. बोटं वर उचल म्हटलं की मन उचलायचं आणि बोटं तशीच. टाच, तळवा, पोटरी सगळं शाबूत, तळव्याला वाळूचा कण कळायचा. पण नडगीची बाहेरची बाजू आणि पायाची वरची बाजू बधिर. आणि सगळ्यात बधिर म्हणजे अंगठा आणि त्याच्या शेजारच्या बोटाची बेचकी. दोर तिथेच बसतो. तिथे त्याने काथ्याचा पेड घासून बघितला, नखाने ओरबाडून बघितलं, शेवटी चिमटा घेतला आणि रक्त आलं. ते रक्त दुसऱ्याच कुणाचं असावं तसा तो बघत राहिला.

वेदरालाने, म्हणजे गावच्या वैद्याने, तेल दिलं आणि धीर दिला. दोन्ही चोळून झालं. मग कळुतऱ्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघ्याजवळ पाऊल उचलणारी नस दबली आहे, तुटलेली नाही, व्यायाम करा, काही महिन्यांत येईल. पाऊल वर धरून ठेवणारा प्लास्टिकचा साचा मिळाला. तो बुटात घालायचा होता, आणि हेमपालाने जन्मात बूट घातला नव्हता. साध्या चपलेत तो साचा बांधून तो रस्त्याने निघायचा. पुष्कळदा उजवी चप्पल मागे राहायची आणि त्याला पत्ता नसायचा. सोमलता मागून येऊन ती उचलायची आणि त्याच्या पायात घालायची. पूर्वी ती त्याच्या चालण्यावर मनमुराद हसायची. आता हसणं बंद झालं होतं, आणि हेमपालाला त्याचंच जास्त लागलं.

ओळ उपसेन करत होता, हेमपालाच्या नावाने. उत्पन्नाची वाटणी घरातच होती, त्यामुळे चूल पेटत होती. प्रश्न चुलीचा नव्हताच. प्रश्न असा होता की सकाळी डोळा उघडला की हेमपालाला वर जायचं असायचं आणि वर जाता यायचं नाही. त्याला काय काय आठवायचं म्हणून सांगू? पहाटेच्या वेळी शेंड्यावरून लांबवर निळसर दिसणारं सिरिपाद डोंगराचं टोक. दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि त्यावर परतणाऱ्या होड्या. खालून येणारे आवाज, कुणाचं भांडण, कुणाचं पोर रडतंय, रेल्वेचं फाटक पडतंय, आणि त्यातलं काहीच आपल्याला लागू नाही. वर कुणी उधार मागत नाही, कुणी सल्ला देत नाही. पायाच्या बेचकीतून दोराची थरथर गुडघ्यापर्यंत यायची, आणि डोळे बांधले तरी त्याने सांगितलं असतं की पुढच्या माडावर वारा कुठून आहे. गुत्त्यावर लोक चिडवायचे, "काय हेमपाल, आता माडी खालूनच चढते म्हणे?" तो हसायचा, आणि घरी येऊन जेवायचा नाही.

घराच्या मागे फणसाचं एक झाड होतं. कमरेच्या उंचीवर त्याला दोन फांद्यांचं बेळकं फुटलं होतं. एका संध्याकाळी हेमपालाने माडाच्या झावळीचं जाड देठ कापून आणलं, त्या बेळक्यात आडवं बांधलं आणि त्यावर जाऊन बसला. उजवा पाय हाताने उचलून देठाभोवती घातला, पाऊल मागे अडकवलं. बरोबर. अगदी तसंच. डोळे मिटले तर तो माडावर होता. त्या वेळेला उपसेन ओळीवर संध्याकाळची फेरी करत असायचा आणि पोय ठोकल्याचा टक टक आवाज वाडीतून येत असायचा. हेमपाल हातात आपली ठोकणी घेऊन देठावर त्याच तालात ठोकायचा. उपसेनाचा ताल चुकला की चुकचुकायचा. पायाला मुंग्या आल्या की त्याला बरं वाटायचं, कारण निदान काहीतरी कळत होतं. मुंग्या गेल्या की तो तसाच बसून राहायचा.

रोज संध्याकाळी हे चालू झालं. सोमलता बिनदुधाचा चहा आणि गुळाचा खडा तिथेच आणून द्यायची. तिला हे विचित्र वाटलं नाही असं नाही. पण दिवसभरात तेवढाच वेळ तिचा नवरा तिच्या ओळखीचा असायचा. झाडावरून उतरताना त्याचा चेहरा उजळलेला असायचा, तो एखादा विनोद करायचा, रात्री दोन घास जास्त खायचा. कोणती बायको त्यात मोडता घालील?

महिने गेले. व्यायाम करून झाले, बोट एक रेघभरही हललं नाही. इस्पितळात व्यायाम शिकवणाऱ्या फझ्मिया मिस होत्या. बेरुवलच्या, वयाने लहान, डोक्यावर ओढणी आणि बोलणं चटचटीत. त्या दर खेपेला त्याचा पाय मांडीवर घेऊन बघायच्या आणि दर खेपेला त्यांच्या कपाळाला आणखी एक आठी पडायची. एकदा त्या म्हणाल्या, "मामा, आतापर्यंत थोडं तरी यायला हवं होतं. तुम्ही मांडी घालून बसता का? उकिडवे बसता का? एका पायावर दुसरा टाकून?"

हेमपालाने नाही म्हटलं. मी खुर्चीत बसतो, म्हणाला. आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता, त्याच्या लेखी फणसावर बसणं हे बसणं नव्हतंच. ते वर जाणं होतं. पण सोमलता खोलीच्या दाराशी पिशवी पोटाशी धरून उभी होती. तिने नवऱ्याकडे बघितलं, मिसकडे बघितलं आणि म्हणाली, "संध्याकाळी झाडात बसतात."

"कुठल्या झाडात?"

मग सगळं सांगावं लागलं. मिसनी त्याला तिथल्या बाकावर बसून दाखवायला सांगितलं. हेमपालाने बाकाच्या लोखंडी पायाला उजवा पाय घातला, हाताने पाऊल मागे अडकवलं आणि ताठ बसला. खरं तर त्याला जरा ऐटच वाटत होती. मिस खाली बसल्या. लोखंड जिथे पायाला टेकत होतं तिथे, गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूला जे हाडाचं टेंगूळ असतं त्याच्या मागे, त्यांनी बोट ठेवलं आणि हलकेच टिचकी मारली.

हेमपाल दचकला. नडगीवरून एक झिणझिणी सळसळत खाली गेली आणि थेट अंगठ्याच्या बेचकीत जाऊन थांबली. इतक्या महिन्यांत तिथे पहिल्यांदा काहीतरी पोचलं होतं. त्याचे डोळे भरून आले आणि तो म्हणाला, "मिस, परत करा." त्यांनी परत केलं. तो लहान पोरासारखा हसला.

मिस मात्र हसत नव्हत्या. "नस जिवंत आहे, मामा," त्या म्हणाल्या. "हाडावरून जाते, वर फक्त कातडी आहे. ती दिवसभर वाढायला बघते आणि रोज संध्याकाळी तुम्ही तिच्यावर जाऊन बसता. वादळात एकदा दबली होती. त्यानंतर तुम्हीच दाबताय."

परतीच्या बसमध्ये दोघं शेजारी बसले. घराजवळ आल्यावर हेमपाल एवढंच म्हणाला, "तुला काय गरज होती सांगायची?" सोमलता पिशवी सावरत चालत राहिली. तिला वाटत होतं, महिनोन् महिने आपणच त्याला तिथे चहा नेऊन देत होतो. हे ती कुणाला सांगणार?

संध्याकाळ झाली, वाडीतून टक टक सुरू झाली आणि हेमपालाचे पाय आपोआप घराच्या मागे वळले. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, तो पीळ होता हा. बघतो तर बेळक्यात देठावर सोमलता बसलेली. पन्नाशीची बाई, झगा गुडघ्यांत खोचलेला, एका हाताने फांदी धरलेली, दुसऱ्या हातात चहाचा पेला.

"उतर," तो म्हणाला.

"तुम्हाला बसायचं असेल तर माझ्या मांडीवर बसा."

शेजारच्या घरातल्या पोरी कुंपणापाशी येऊन खिदळत होत्या. हेमपाल चिडला, ओरडला, देठाचा दोर सोडायला गेला, आणि त्याचं उजवं पाऊल फणसाच्या मुळाला अडकून तो वाळूत बसला. सोमलता उतरली नाही. वरूनच तिने पेला त्याच्या हातात दिला. थोड्या वेळाने म्हणाली, "इथून समुद्र दिसत नाही."

"मला दिसतो," हेमपाल म्हणाला.

ती पुढे रोज चढून बसू लागली. लोकांनी थट्टा केली, उपसेनाने सर्वांत जास्त केली, अक्का आता ओळ तूच घे म्हणाला. ती बसायची आणि हेमपाल खाली खोडाला टेकून दोन्ही पाय सरळ पसरून बसायचा. वाडीतून आवाज यायचा. त्याची बोटं ठोकणीसाठी वळवळायची. कधी कधी तो न राहवून मान वर करून तिच्याकडे बघायचा, आणि त्या बघण्यात इतका हेवा असायचा की तिला खाली बघवत नसे.

मिस म्हणाल्या होत्या, नस मुंगीच्या पावलाने सावरते, गुडघ्यापासून बोटांपर्यंत केवढं अंतर आहे ते बघा आणि धीर धरा. सोमलता रोज सकाळी काथ्याचा एक पेड त्याच्या बेचकीत ओढायची आणि विचारायची, कळतं? नाही. तिकडे वर्षातून दोनदा पाऊस लागतो, पहिला संपला, मग दुसरा लागून तोही संपला. नाताळाचे फटाके झाले. आणि एका सकाळी ती पेड ओढत असताना हेमपाल म्हणाला, "हळू, घासतंय." मग सोमलताने पदर नसलेल्या झग्याच्याच टोकाने डोळे पुसले आणि पेड पुन्हा ओढला, मुद्दाम जोरात.

त्यानंतर अंगठा हलला, मग बाकीची बोटं, मग एक दिवस अख्खं पाऊल टाचेवर वर आलं, थरथरत. साचा माळ्यावर गेला. मार्चमध्ये तो बाजारात गेला तेव्हा मासळीवाल्यांनी हाक मारली, आलं बदक. त्याला इतका आनंद झाला की नको असलेले मासे घेऊन तो घरी आला.

मिसनी शेवटचं बघितलं आणि सांगितलं, चाला, सायकल चालवा, शिडीही चढा. पण ती बैठक नाही. तिथे बसलात तर पुन्हा जाईल, आणि दुसऱ्यांदा परत येईल असं मी सांगणार नाही. हेमपालाने मान डोलावली. त्याने मनाशी ठरवलं होतं, दुसऱ्या पद्धतीने बसू. माणूस आहे, झाड थोडंच आहे, की एकच आकार.

नवं वर्ष आलं. या वेळी मुहूर्त सकाळचा होता आणि आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. दूधभात खाऊन तो निघाला तेव्हा सोमलता त्याच्याबरोबर माडापर्यंत आली. चढू नका असं ती म्हणाली नाही. "बसू नका," एवढंच म्हणाली.

तो चढला. सोडणांवर पाऊल बरोबर पडत होतं. शेंड्यावर पोचला, वरचा दोर धरला आणि खालच्या दोरावर उजवं पाऊल ठेवलं. दोर बेचकीत बसला. थरथर आली, गुडघ्यापर्यंत आली. हेमपालाला वाटलं आपण मोठ्याने ओरडतोय, पण तोंडातून आवाज निघाला नव्हता. तो चालत गेला. झुलला, थांबला, मुद्दाम मध्येच उभा राहिला. एका बाजूला समुद्र होता, दुसऱ्या बाजूला निळसर टोक. सारं जागेवर होतं. गेलं वर्षभर हे सगळं त्याच्याशिवाय रोज इथे होत होतं, याचं त्याला वाईट वाटलं.

पहिली पोय. त्याने डावा पाय घालून बघितला. हात उलटे पडले, ठोकणी पोयीच्या अंगावर न बसता बाजूला बसली. दोन्ही पाय सोडून घोड्यावर बसल्यासारखा बसला, तर कोयती धरायला एकच हात उरला. गुडघे टेकून बघितलं आणि तोल गेला. खाली उपसेन ओरडला. त्या धडपडीत त्याने कोयती फिरवली आणि काप जाड गेला. नवशिकाही करणार नाही इतका जाड. पोय फुकट गेली.

तो पुढच्या माडावर गेला. तिथे मात्र त्याने काही करून बघितलं नाही. पाय आपला आपण देठाभोवती गेला आणि पाऊल मागे अडकलं. सगळं थांबलं. हात मोकळे झाले. ठोकणी पोयीवर अशी पडू लागली की खाली उपसेनाने मान खाली घालून फक्त ऐकलं. काप कागदासारखा पातळ निघाला आणि पहिला थेंब टपकला. काम झालं होतं, उठायला हवं होतं. हेमपाल उठला नाही. वर्षभर तो ज्याच्यासाठी झुरला ते हेच होतं, दोर नव्हे, समुद्रही नव्हे, ही जागा, जिथे बापाने त्याला बसवलं होतं आणि जिथून कुणी त्याला हलवू शकत नव्हतं.

नडगीला मुंग्या येऊ लागल्या. आधी दोन-चार.

त्याने खाली बघितलं. सोमलता माडाच्या सावलीतून बाहेर उन्हात येऊन उभी होती, डोळ्यांवर हात धरून. ती हाक मारत नव्हती, हातवारे करत नव्हती. इतक्या उंचीवरची ती बैठक तिला खालूनही दिसत होती, आणि ती नुसती बघत होती. मुंग्या घोट्यापर्यंत आल्या.

हेमपालाने पाय सोडवला.

"उपसेना, वर ये," त्याने हाक दिली. "मुहूर्त आहे तोवर ये."

उपसेन चढून दोरावरून आला. दोघं एका शेंड्यावर, तोंडासमोर तोंड. हेमपालाने कमरेची कोयती सोडली, ठोकणी काढली, भोपळा काढला आणि एकेक करून त्याच्या कमरेला बांधलं. उपसेन रडकुंडीला आला होता. "अय्ये, मी तुझ्या नावानेच करतो ना. गेलं वर्षभर केलंच की."

"नावाने पोय पाझरत नाही," हेमपाल म्हणाला. "पुढची तू काप. आणि मनगट सैल ठेव, किती वेळा सांगायचं."

उपसेनाने पोय कापली आणि ओळ त्याची झाली. हेमपाल दोरावरून सावकाश पहिल्या माडाकडे परत आला, उतरला आणि सोमलतासमोरून जाऊन, उपसेन ज्या जागी उभा राहायचा तिथे पिंपाजवळ उभा राहिला. घरी चला, ती म्हणाली. मडकं येईल आता, तो म्हणाला.

तेव्हापासून तो तिथेच असतो. दोरीने मडकं खाली येतं, तो झेलतो, पिंपात ओततो, परत पाठवतो. मध्ये बराच वेळ काही काम नसतं. वर झावळ्यांतून उपसेन दिसत नाही, फक्त दोर हलताना दिसतो. वरती एक पाऊल पुढे पडलं की दोर झुलतो, आणि इथे खाली वाळूत हेमपालाचं उजवं पाऊल टाचेवर आपोआप वर येतं. दोर स्थिर झाला की खाली टेकतं. पुन्हा दोर झुलतो, पुन्हा वर येतं. सोमलता जेवण घेऊन येते तेव्हा तिला ते दिसतं. ती डबा शेजारी ठेवते आणि त्याची ओळ संपेपर्यंत त्याला हाक मारत नाही.